येणं बाकी असलेली भुतं

कोकणातली भुतं एके काळी शाळामास्तरांनी सरकारला लिहून कळवली होती. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याला लोकसमजुतींचा मोठा नाद. त्याच्या प्रश्नावलीला दाभोळ, आचरे, चौक अशा गावांच्या मास्तरांनी आपापल्या भागातली उत्तरं पाठवली. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कागद मागे राहिले. आर. ई. एन्थोवेन यांनी ते लावले आणि १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचं इंग्रजी पुस्तक निघालं.

तालुक्याच्या गावी वाचनालय सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. भयकथांचं कपाट मी कधी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. हल्ली कुणी नवी भयकथा आणून दिली आणि मत विचारलं, की मी मास्तरांची ती यादी मनात धरून वाचते. कारण त्या यादीत प्रत्येक भुताचं काहीतरी येणं आहे. सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. वारस न ठेवता, जीव इस्टेटीत अडकवून गेलेला समंध होतो. बाळंतपणात गेलेली हडळ, आणि विधवा मेली तर लावसट. जे जिवंतपणी मिळालं नाही ते मागायला माणूस परत येतो, इतका साधा हिशेब. आमच्या घरी आजही कार्य निघालं की आधी एखाद्या मुंज झालेल्या मुलाला मुंजा म्हणून जेवू घालतात, नवा पंचा देतात, पाया पडतात. आजी त्याच्या पानात तूप वाढायची तेव्हा तिचा चेहरा भ्यालेला नसायचा, देणं फेडणाऱ्या माणसाचा असायचा.

ही यादी निरागस मात्र नाही. जात आणि बाईचं सौभाग्य पाहून तिथे भुतांनाही पायऱ्या दिल्या आहेत. सवाष्ण मेली तर तिचं भूत वेगळं, विधवेचं वेगळं. मला ती यादी समाजाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कबुलीजबाबासारखी वाटते.

छापील भयकथेत हा हिशेब मोडला नारायण धारपांनी, आणि हे मी त्यांच्यावरच्या प्रेमापोटी म्हणते. धारप (१९२५–२००८) नसते तर आमचं ते कपाटच नसतं. त्यांच्या प्रती आमच्याकडे रेक्झिनच्या बांधणीत आहेत, शिवण सैल झालेली, पानांचे कोपरे बोटांनी काळवंडलेले. एका प्रतीचं शेवटचं पान कधीतरी फाटलं, तेव्हा कुणा वाचकाने पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदावर निळ्या शाईने शेवट लिहून ठेवला, पुढच्याची अडचण नको म्हणून. समीक्षकांनी धारपांची दखल घ्यायला फार उशीर केला. वाचकांनी केला नाही. पण धारपांचं वाचन पश्चिमेचं होतं. त्यांच्या 'लुचाई' कादंबरीच्या मागे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' आहे. त्यांचं अमंगळ बहुधा बाहेरून येतं, दुसऱ्या मितीतून येतं. आपण त्याचं काही बुडवलेलं नसतं, त्याला आपण नुसते हवे असतो. मग त्याच्याशी बोलणी होत नाहीत, नैवेद्य चालत नाही. म्हणून धारपांना 'समर्थ' लागतो. मध्यमवर्गीय घराच्या पाठीशी उभा राहणारा तो शांत माणूस ही मराठी वाचकाला मिळालेली मोठी देणगी आहे.

रत्नाकर मतकरींनी असा रक्षणकर्ता दिला नाही. बरीच वर्षं बँकेत नोकरी केलेला हा लेखक माणसांची आपापसातली देणीघेणी अचूक ओळखायचा. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' या संग्रहांत धाक बाहेरच्या शक्तीचा कमी, शेजारच्या खोलीतल्या माणसाचा जास्त. रात्री वाचायला कोण हवं म्हणाल तर धारप. दुसऱ्या दिवशी दुपारी जो आठवतो, तो मतकरी.

आताच्या गोष्टी ऐकायच्या जास्त आणि वाचायच्या कमी झाल्या आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भूत आधी ऐकायचंच असतं. माझा राग आहे तो कसलंच येणं नसलेल्या भुतावर. पांढरे डोळे, मोकळे केस, कर्कश आवाज, आणि ती बाई कोण, तिचं काय राहिलं, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. दुसरा राग आहे तो शेवटी 'सगळे मनाचे खेळ' म्हणून अंग काढून घेणाऱ्या गोष्टींवर. तिथे भुताचं येणंही बुडतं आणि वाचकाचंही.

जिथे हिशेब परत आला तिथे गोष्ट चढली. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये लोकांनी डोक्यावर घेतली, कारण वाड्यात जमलेल्या भावंडांमध्ये वाटणीचा प्रश्न होता. 'मुंज्या' (२०२४) हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याच्या भुताला मागणं आहे, लग्नाचं. आणि 'तुंबाड' हा चित्रपट. त्याच्या मुळाशी असलेली धारपांची 'आजी' ही कथा किंगच्या 'ग्रॅमा'वर बेतलेली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ती १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने तोंडी सांगितली, आणि पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, पडद्यावर आली तेव्हा तिच्यात वाडा आला, वारसा आला, पिढीजात हाव आली. त्यातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य नाकारलं गेलं. म्हणून तो कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. परदेशातून आलेल्या गोष्टीला इथे अन्नाचं येणं जोडलं गेलं, आणि ती आपली झाली.

हृषीकेश गुप्ते यांचं लेखन मी नव्या सभासदांच्या हाती आवर्जून देते, 'दंशकाल' आणि 'घनगर्द' आधी. त्यांच्याकडे घर आहे, गाव आहे, आणि कुणी कुणाचं काय दाबून ठेवलंय याची जाण आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून वाचायला मिळालेली नाही, लावसटीची. मुंजाला पंचा मिळाला, समंधावर कादंबऱ्या झाल्या, हडळ तर सिनेमात कायमचीच. केस उतरवून माजघरात बसवलेल्या, चार घास वाढले तर खाणाऱ्या बायका कोकणातल्या कितीतरी घरांत होत्या, माझ्या आजोळी होत्या. त्यांचं येणं किती आहे, हे कुणा तरुण लेखिकेने मांडावं. कपाटात जागा मी करून देईन.