दृष्टीची चाल आणि बुद्धीचा अंकुश

घरांतील वडीलधारें माणूस विसरूं लागलें म्हणजे 'वय झालें' एवढें म्हणून तो विषय सोडून देण्यांत येतो. परंतु वार्धक्याचें विस्मरण कोणतें आणि मेंदूच्या रोगानें येणारा स्मृतिभ्रंश कोणता, हें ठरविणें वैद्यांनाही कठीण जातें. तें ओळखण्यासाठीं शास्त्रज्ञ डोळ्यांच्या हालचालींकडे कसे वळले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

वाचतांना दृष्टि ओळीवरून अखंड सरकत जाते, असें वाटतें. वस्तुतः ती उड्या घेत जाते. क्षणभर थांबते आणि पुन्हां उडी घेते. पॅरिसचे नेत्रवैद्य जाव्हाल व त्यांचे सहकारी यांनीं १८७९ च्या सुमारास ही गोष्ट पुढें आणली. १९०१ सालीं अमेरिकेंत डॉज व क्लाइन यांनीं डोळ्यावरून परावर्तन पावणारा प्रकाश सरकत्या छायाचित्र-काचेवर टिपण्याची युक्ति काढली. तिच्याच आधारें डीफेनडॉर्फ व डॉज यांनीं १९०८ सालीं मनोरुग्णांच्या दृष्टीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हलत्या वस्तूचा संथ पाठलाग करतांना कित्येकांची दृष्टि अडखळत होती. ते रोगी मुख्यतः आज छिन्नमनस्कता म्हणतात त्या विकाराचे होते. तरी मनाचा बिघाड डोळ्यांच्या चालींत मोजतां येतो, हें त्यावरून दिसलें.

१९६४ सालीं टोरोंटो येथील स्टील, रिचर्डसन व ओल्झेव्हस्की यांनीं एका निराळ्या रोगाचें वर्णन केलें. त्यांत बुद्धि मंदावते, तोल जातो आणि दृष्टि स्वेच्छेनें खालीं-वर नेतां येत नाहीं. वैद्यानें मान हालविली, तर मात्र तेच डोळे फिरतात. स्नायु शाबूत, आज्ञा तेवढी पोंचत नाहीं!

त्याच शहरांत हॅलेट यांनीं १९७८ सालीं एक साधी कसोटी मांडली. एका बाजूस ठिपका चमकतो. पाहणाऱ्यानें विरुद्ध बाजूस पाहावयाचें. चमकत्या वस्तूकडे वळणें हा दृष्टीचा स्वभावच. तो आवरावयास मेंदूच्या पुढील भागाचा अंकुश लागतो. निरोगी माणूसही येथें चुकतो, पण लगेच दृष्टि परत फिरवितो. अल्झायमर यांनीं १९०६ सालीं जर्मनींत ज्या रोगाची माहिती दिली, त्याच्या रोग्यांत अशा चुका अधिक होतात, आणि पुष्कळदां त्या दुरुस्त न होतां तशाच राहतात, असें पुढील संशोधनांत आढळलें.

अर्थात् केवळ या कसोटीवरून निदान होत नाहीं; इतर विकारांतही अशी चूक घडते. परंतु या इतिहासांतील बोध घरोघरीं उपयोगी पडणारा आहे. चूक कोणाचीही होते. झालेली चूक स्वतःच्या ध्यानांत येईनाशी झाली, तर मात्र 'वय झालें' म्हणून न थांबतां वैद्याला विचारावें.