कारभारीपण आणि रुग्णालय : उज्जैनच्या निमित्ताने

उज्जैन हे नाव उच्चारले की मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे महाकाल, क्षिप्रा आणि सिंहस्थ उभे राहतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांस राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांचेही स्मरण होईल. महाकालाच्या मंदिराची अठराव्या शतकातील उभारणी त्यांच्या हातून झाली. पुढे दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्करास नेली, तरी उज्जैनमधील मराठी घरे तेथेच राहिली. आम्ही मात्र प्रस्तुत लेखात या पुण्यनगरीकडे निराळ्या कारणास्तव वळत आहोत. ते कारण म्हणजे एका रुग्णालयाचे सांडपाणी. ईशज्ञानाच्या पत्रिकेत हा विषय कोठून आला, असे काही वाचकबंधूंस वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

उज्जैन येथील आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय २००१ साली सुरू झाले. तेथील अध्यापक आणि स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेचे अभ्यासक यांनी मिळून २०१० साली उज्जैनमधील एका रुग्णालयाशी संबंधित पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयातून वाहून जाणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन अशा प्रतिजैविकांचे अंश आढळले, आणि त्याच पाण्यात या वर्गातील औषधांना न जुमानणारे ई. कोलाय जंतूही आढळले. २०१८ साली याच अभ्यासकांपैकी काहींनी क्षिप्रेच्या पाण्याची व गाळाची ऋतुमानानुसार केलेली तपासणी प्रसिद्ध केली. तेथेही औषधांचे अंश आणि प्रतिकारक्षम जंतू मिळाले. ज्या नदीत सिंहस्थाच्या वेळी लक्षावधी भाविक स्नान करतात, त्या नदीची ही गोष्ट आहे. पुढील सिंहस्थ २०२८ साली येत आहे.

परंतु आम्हास अधिक बोलका वाटतो तो २०१२ साली प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास. त्यात उज्जैनमधील दोन खाजगी रुग्णालयांची तुलना केली होती. एकात वैद्यकीय शिक्षण दिले जाई, दुसऱ्यात दिले जात नसे. दोन्हींचा कारभार एकाच धर्मादाय न्यासाकडे होता. खाटेवर असलेल्या प्रत्येक रुग्णास कोणते औषध, का व किती दिवस दिले, याची नोंद वॉर्डातील परिचारिकांनी छापील नमुन्यावर करावयाची होती. हिशेब मांडला तेव्हा दोन्ही ठिकाणी दर पाच दाखल रुग्णांमागे सुमारे चौघांस प्रतिजैविक दिले गेल्याचे दिसून आले. हा आकडा कोणा बाहेरच्या टीकाकाराने काढलेला नव्हता. संस्थेतल्याच माणसांनी संस्थेची वही उघडून तो जगापुढे ठेवला, आणि त्यासाठी जे धैर्य लागते ते शस्त्रक्रियेच्या धैर्याहून कमी नाही, असे आमचे मत आहे.

प्रतिजैविके जपून, योग्य रुग्णास व योग्य मुदतीपुरती वापरण्याच्या या शिस्तीस वैद्यकशास्त्रात ‘स्टुअर्डशिप’ असे म्हणतात. या शब्दास आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत जुना व घरगुती प्रतिशब्द आहे : कारभारीपण. आपण तो वर्षातून एकदा, बहुधा वर्गणीच्या रविवारी, उच्चारतो. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील धनी आपल्या कारभाऱ्यास बोलावून हिशेब मागतो. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दयाळू शोमरोन्याची गोष्ट आहे. तिच्यावर आपण असंख्य प्रवचने केली, पण उतारशाळेच्या रक्षकाकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. शोमरोनी जखमा बांधतो, तेल व द्राक्षारस ओततो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. पुढची शुश्रूषा रक्षकाने करावयाची आहे. त्यास दोन दिनार आगाऊ मिळाले आहेत, अधिक खर्च झाल्यास तो परतल्यावर फेडण्याचे वचन मिळाले आहे. शोमरोनी परत येणार आहे, याचा अर्थ तो रुग्णासही पाहणार आहे. किंबहुना ख्रिस्ती रुग्णालयांचा इतिहास म्हणजे या रक्षकाचा इतिहास होय, असे म्हटले तरी चालेल.

चौथ्या शतकात, इ. स. ३७० च्या सुमारास, संत बॅसिल यांनी कैसरियाजवळ गरीब व आजारी यांच्यासाठी जी वसाहत उभारली तिचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांतून नेहमी येतो. येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही. यरुशलेम येथील संत योहानाच्या रुग्णालयाचे ११८२ सालचे नियम त्या मानाने कमी परिचित आहेत. महाधिपती रॉजर द मूलँ यांच्या काळात ते ठरविले गेले. रुग्णांसाठी चार जाणते वैद्य नेमावेत. खाट विश्रांतीस पुरेल इतकी लांबरुंद असावी. प्रत्येक खाटेस स्वतःची चादर व स्वतःचे पांघरूण असावे. शौचास जाताना रुग्णास घालावयास मेंढीच्या कातड्याचा झगा व पादत्राणे असावीत. यात्रेकरू स्त्रियांना तेथे झालेल्या बालकांसाठी वेगळे पाळणे असावेत. फ्रान्समधील मठाधिकाऱ्याने दरवर्षी रंगीत सुती कापडाच्या शंभर चादरी पाठवाव्यात, तर दुसऱ्या एका मठाने पाकांसाठी व औषधांसाठी साखर पाठवावी, असेही त्यात लिहिले आहे. या नियमांत रुग्णांस धनी मानलेले आहे, ही भक्ती झालीच. पण धन्याची खाट किती लांब असावी आणि तिच्यावरची चादर कोणी पाठवावी, हेही ठरवून ठेवलेले आहे. भक्ती आणि चादरींचा हिशेब यांत त्यांस विरोध दिसला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. अल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकल्यानंतर तेथे राजाश्रयाखालील रुग्णालय निघाले. १५४२ साली त्याचा कारभार मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संघाकडे गेला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो येशूसंघाच्या हाती आला. १६०८ साली पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच खलाशी आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला. त्याने केलेले वर्णन वाचताना आश्चर्य वाटते. दाखल होताच क्षौर व स्नान, स्वच्छ अंथरूण, चांदीची व चिनी मातीची भांडी, पोटभर आहार, आणि दिवसातून दोनदा वैद्य, शल्यवैद्य व औषधे देणारे यांची फेरी. त्याने पाहिलेल्या रुग्णालयांत हे सर्वोत्तम होय, अशीच त्याची समजूत झालेली दिसते.

चाळीस वर्षे लोटली. जवाहिऱ्या ताव्हेर्निए १६४१ मध्ये आणि पुन्हा १६४८ मध्ये गोव्यास आला. त्याच्या सांगण्याप्रमाणे, तो प्रथम आला तेव्हा रुग्णालयाची कीर्ती शाबूत होती. पण त्यानंतर व्यवस्थापक बदलले आणि रुग्णांची हेळसांड होऊ लागली. आत जाणारे पुष्कळ जण बाहेर पडत ते दफनभूमीकडेच. सर्वांत विदारक आहे ती पाण्याची हकिकत. गरीब रुग्ण तहानेने व्याकूळ होऊन घोटभर पाणी मागत. सेवक काहीतरी हातावर पडल्याखेरीज पाणी देत नसत, आणि पैसे मिळाले तर लपूनछपून देत. कारण विचारल्यास वैद्यांनी पाणी वर्ज्य केले आहे, असे सांगत.

या वृत्तान्तावर आम्ही वारंवार विचार केला आहे. ताव्हेर्निएने सेवकांच्या जातिवंशाविषयी जे तुच्छतेचे शब्द वापरले आहेत ते आम्हास मान्य नाहीत. पण घडलेली गोष्ट खोटी मानण्याचे कारण दिसत नाही. इमारत तीच होती, ईश्वराचे नाव तेच होते. बदलले होते ते पाहणारे डोळे. वैद्याने पाणी खरोखर वर्ज्य केले आहे काय, हे सेवकास विचारणारा कोणी उरला नव्हता. आजच्या भाषेत हीच प्रशासनाची व्याख्या म्हणता येईल.

यापुढचा प्रसंग व्हिएन्ना येथील आहे, आणि तो आम्ही मुद्दाम धर्मगुरूंसाठी सांगत आहोत. तेथील सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होते; स्त्रिया दुसऱ्या विभागात दाखल करून घ्यावे म्हणून हात जोडीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण वैद्याने दोन्ही विभागांतील प्रत्येक फरक तपासावयास घेतला. त्यांतील एक फरक धर्मगुरूचा होता! मरणोन्मुख स्त्रीस अंतिम संस्कार देण्यास निघालेला धर्मगुरू पहिल्या विभागात घंटा वाजविणाऱ्या सेवकासह अनेक दालनांतून जाई. दुसऱ्या विभागात तो थेट पोहोचे. त्या घंटेच्या धास्तीने तर स्त्रिया खचत नसतील? सेमेलवाइसने धर्मगुरूंस विनंती केली. त्यांनी घंटा बंद केली आणि आडवाटेने जाण्यास सुरुवात केली. मृत्यू कमी झाले नाहीत.

खरे कारण १८४७ च्या मार्चमध्ये हाती लागले. शवविच्छेदनाच्या वेळी बोटास जखम झालेला एक सहकारी अध्यापक तशाच लक्षणांनी दगावला. विद्यार्थी व वैद्य शवविच्छेदनाहून थेट प्रसूतिगृहात येत, सुइणी तसे करीत नसत. मे महिन्यात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये शेकडा अठरा असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास आले. सेमेलवाइसला मान्यता मिळाली नाही, तो १८६५ साली हलाखीत मरण पावला, हे सर्वश्रुत आहे. त्या अनामिक धर्मगुरूंचा मात्र कोणी उल्लेख करीत नाही. आपल्या पवित्र कार्यामुळे कोणास अपाय होत असेल काय, या प्रश्नाने ते दुखावले गेले नाहीत. त्यांनी वाट बदलून पाहिली.

दीडशे वर्षांनंतरही हात धुण्याचा प्रश्न मिटलेला नाही. उज्जैनजवळील ग्रामीण शिक्षण-रुग्णालयातील कर्मचाऱ्यांशी बोलून केलेला हस्तस्वच्छतेचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. माहितीचा व सवयीचा अभाव, आणि सोयींची कमतरता, अशा अडचणी त्यातून पुढे आल्या. वॉर्डात बेसिन कोठे बसवावे आणि साबण कोणी पुरवावा, हे परिचारिका ठरवीत नाही. ते विश्वस्त ठरवितात.

महाराष्ट्राने याचा सर्वांत कटू धडा १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात घेतला. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते, आणि चौदा रुग्ण प्राणास मुकले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून परवान्यापर्यंत आणि भांडारापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक सही तपासली. तो अहवाल १९८८ साली प्रकाशात आला व आरोग्यमंत्र्यांस पद सोडावे लागले.

धर्मादाय संस्थांच्या दृष्टीने १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही महत्त्वाचा आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात न्यायालयाने ठरविले की, जेथे सर्वांवर विनामूल्य उपचार होतात ते रुग्णालय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर राहील. परंतु जेथे ऐपत असणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते तेथे फुकट उपचार घेणारा गरीबही ग्राहक होय व त्यास दाद मागता येईल. आपली बहुतेक मिशन रुग्णालये दुसऱ्या प्रकारात मोडतात. काही बंधूंस हा निर्णय सेवेचा अपमान वाटला होता. आम्हास तसे वाटत नाही. चांदीच्या भांड्यात जेवणारा आणि पाण्यासाठी हात पसरणारा, या दोघांस न्यायालयाने एकाच रांगेत बसविले.

उज्जैनमध्ये ख्रिस्ती वैद्यकीय सेवा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. जॉन बुकॅनन तेथे काम करीत होते. ते पुढे भिल्लांमध्ये आमखुटला गेले. कॅथलिक ख्रिस्तसभेचे पुष्पा मिशन रुग्णालय १९७४ साली स्थापन झाले. अशा संस्थांतून धर्मगुरू व धर्मभगिनी व्यवस्थापक असतात, आणि धर्मशिक्षक रुग्णांचे पहिले ऐकणारे असतात. तक्रार वैद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती पुष्कळदा प्रार्थनेच्या विनंतीच्या रूपाने त्यांच्या कानी येते.

आम्हास स्वतःलाही एका मिशन रुग्णालयाच्या कार्यकारिणीवर काही वर्षे बसण्याचा योग आला. विषयपत्रिकेवर संरक्षक भिंत, चॅपेलचे रंगकाम, जीपची दुरुस्ती, परदेशी देणगीचे पत्र हे विषय क्रमाने येत. त्या तिमाहीत किती रुग्ण दगावले व का, किती टाके पिकले, हे एकाही बैठकीत विचारले गेले नाही. न विचारणाऱ्यांत आम्हीही होतो. एकदा भिंतीवर चर्चा चालू असता शस्त्रक्रियागृहाच्या वयस्क परिचारिका हजेरीचा कागद देण्यासाठी आत आल्या. अध्यक्षांनी सहज विचारले, “सिस्टर, तुमच्याकडे सर्व ठीक आहे ना?” त्या थोड्या थांबल्या व म्हणाल्या, “फादर, माझ्याकडे एक वही आहे. मागितली तर आणते.” त्यांनी सात वर्षे, कोणीही न सांगता, पिकलेल्या प्रत्येक जखमेची नोंद ठेवली होती : तारीख, खाट, कोणती शस्त्रक्रिया, निर्जंतुकीकरणाचे यंत्र त्या दिवशी चालू होते की बंद. ती वही वाचण्यास चाळीस मिनिटे लागली. भिंतीचा विषय त्या दिवशी पुढे ढकलण्यात आला, आणि यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च जीपच्या रकमेतून मंजूर झाला.