आग रामेश्वरी, बंब लासलगावी

१९८० या एकाच सालात कांद्याने दोन उलटसुलट ओरडी ऐकल्या. जानेवारीत लोकसभेची मध्यावधी निवडणूक झाली. कांदा महागला, सरकारला साधा कांदा सांभाळता येत नाही, हा इंदिरा गांधींच्या प्रचारातला मोठा मुद्दा होता आणि त्या प्रचंड बहुमताने परत आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातले शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर बसले. कारण कांदा मातीमोल झाला होता. पहिल्या ओरडीने सरकार बदलले. दुसरीच्या वेळी खेरवाडीजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मेले. माणसे वेगळी, गावे वेगळी, पीक मात्र तेच आणि वर्षही तेच. महागाईची नागरिकांना वाटणारी चिंता खोटी आहे असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. ती खरी आहे आणि जुनी आहे. प्रश्न एवढाच, की तिच्यावरचा उतारा दरवेळी शेताच्या बांधावरच का शोधला जातो. गेल्या ऐंशी वर्षांचा नाशिकचा इतिहास पाहिला तर उत्तर सरळ मिळते: महागाई कुठेही पेटो, सरकारच्या हाताशी असलेली सर्वांत सोपी कळ शेतमालाच्या भावाची आहे, आणि कांद्यापुरती ती निफाड, चांदवड, येवला, सटाणा या पट्ट्यात बसवलेली आहे.

या पट्ट्याचा आणि महागाईचा संबंध कांद्याच्याही आधीचा आहे. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सरकारने युद्धासाठी इथे केलेल्या खरेदीचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत राहिले आणि इथल्या पुरवठादारांच्या हाती मात्र नव्या नोटा पडल्या. सहा वर्षांत चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. बाजारात माल वाढला नव्हता, उलट लष्कराकडे वळला होता. साहजिकच धान्य, कापड, रॉकेल सगळे कडाडले. म्हणजे आधुनिक काळातल्या पहिल्या मोठ्या महागाईची नोट नाशिकची होती, पण कारण नाशिकच्या शेतात नव्हते आणि छापखान्यातल्या कामगाराच्या हातातही नव्हते. उपाय मात्र शेतावर आला. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि इलाख्यातल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर लेव्ही बसली: ठरलेले धान्य, ठरलेल्या भावाने, सरकारला. याला एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळू नये. १९४७ च्या अखेरीस, गांधीजींच्या आग्रहामुळे, नियंत्रणे उठवली गेली आणि भाव इतके चढले की १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. तुटवड्याच्या काळात नियंत्रण निरुपयोगी असते, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. शहरातला गरीब त्या काळात रेशनच्या दुकानामुळेच तगला. पण तुटवडा संपल्यावरही हत्यार म्यान झाले नाही. युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांचा वारसा १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात आला आणि आणीबाणीचा उपाय रोजच्या कारभाराचा भाग होऊन बसला.

नाशिकचा कांदा या कायद्याच्या टप्प्यात नेमका कसा आला, हे समजण्यासाठी थोडे शेतीत शिरावे लागते. रेल्वेची मुख्य वाट लासलगाव-निफाडवरून जाते. गोदावरीच्या कालव्यांचे पाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या भागात खेळू लागले. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. पुढे नाफेड या सहकारी पणन संघाच्या पुढाकाराने १९७७ मध्ये कांद्यावर संशोधन करणारी संस्था नाशिकला उभी राहिली. पण खरी गोष्ट उन्हाळ कांद्याची. खरिपातले पोळ आणि रांगडा हे कांदे निघाले की लगेच विकावे लागतात. मार्च-एप्रिलात काढलेला उन्हाळ कांदा मात्र साठवणुकीच्या कांदाचाळीत टिकतो, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत देशाची बरीचशी भिस्त याच चाळीवर असते. चाळीतला कांदा सडतो, कोंब धरतो, वजनात घटतो. पाच महिन्यांत पाव ते तिसरा हिस्सा जाणे नवलाचे नाही. त्यातच परतीच्या पावसाने खरिपाचा लाल कांदा लांबला की सप्टेंबर ते नोव्हेंबर बाजारात खड्डा पडतो. दिल्लीतला भाव चढतो तो याच खड्ड्यात, आणि अनेक राज्यांच्या निवडणुकाही याच सुमारास येतात. मग साठेबाज शोधायचा ठरला की बोट चाळीकडे जाते, कारण डोळ्यांना दिसणारा साठा तेवढाच असतो.

महागाईविरुद्धच्या लढ्याला वेगळी दिशाही असू शकते, हे याच महाराष्ट्रात दिसले होते. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरच्या तेलधक्क्यात देशातली भाववाढ वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढे गेली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या मागत होत्या ते नीट पाहिले पाहिजे: रेशनच्या दुकानात पुरेसे धान्य, साखर, तेल, रॉकेल, साठेबाजांवर कारवाई, मंत्र्यांनी उत्तर द्यावे. शेतकऱ्याचा भाव पाडा, असे त्यांचे घोषवाक्य नव्हते. रोख वितरणावर आणि सरकारच्या जबाबदारीवर होता. नागरिकांच्या चिंतेचे ते सर्वांत नेमके रूप होते असे मला वाटते, आणि पुढच्या दशकांत तेच हरवले. लाटणे घेऊन जाब विचारणाऱ्या बाईची जागा टीव्हीवर भाव सांगणाऱ्या बातमीने घेतली.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९७८ मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन उभे केले आणि १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ते वणव्यासारखे पसरले. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे यांच्यासारखे खणखणीत वक्ते त्यांना इथे मिळाले. मागणी होती कांद्याला प्रतवारीप्रमाणे क्विंटलला ४५ ते ७० रुपये आणि उसाला टनाला ३०० रुपये. आज हे आकडे किरकोळ वाटतात. तेव्हा त्यांच्यासाठी हजारो माणसे तुरुंगात गेली. जोशींच्या मांडणीतली धार अशी होती की शेतमालाचा भाव नैसर्गिकरीत्या पडत नाही, तो पाडला जातो, आणि तो पाडण्याचे कारण शहरातला पगार कमी ठेवता यावा हे असते. ही मांडणी सगळी जशीच्या तशी मान्य करण्याची गरज नाही. उत्पादन वाढले की भाव पडतो, त्यात कोणाचे कारस्थान असावे लागत नाही. पण भाव चढतो तेव्हा काय होते, याबाबत जोशींचे म्हणणे पुढच्या चाळीस वर्षांनी खरे करून दाखवले.

१९९८ च्या शरद ऋतूत दिल्लीत कांदा किलोला पन्नास रुपयांच्या पलीकडे गेला. निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधारी भाजपने मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणले, निर्यात बंद केली, तरी दिल्लीतली सत्ता गेली. त्या पराभवाचा धडा सर्व पक्षांनी इतका पक्का गिरवला की त्यानंतर निर्यातबंदी हे कांद्याचे ठरलेले औषध झाले: डिसेंबर २०१०, सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३. पक्ष बदलले, औषध बदलले नाही. २०२० ची गंमत तर अशी, की जूनमध्ये वटहुकूम काढून कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या जाचातून मोकळे केल्याची घोषणा झाली आणि तीन महिन्यांनी निर्यातच थांबवली गेली. भाव पडतो तेव्हा मात्र अशी तातडी दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले, तेव्हा ती दोन दिवसांची बातमी झाली.

२०२३ हे वर्ष सगळा इतिहास एका वर्षात दाबून भरल्यासारखे गेले. फेब्रुवारीत लाल कांदा लासलगावात इतका घसरला की काहींचा वाहतूक आणि हमालीचा खर्चही निघेना. विरोधी आमदार कांद्याच्या माळा घालून विधानभवनात आले. मार्चमध्ये किसान सभेचा लाँग मार्च दिंडोरीहून मुंबईकडे निघाला. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत, जाहीर केले. उन्हाळ कांदा चाळीत ठेवून बसलेल्यांना ऑगस्टमध्ये चार पैसे दिसू लागले, तोच १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागले. जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. नाफेडमार्फत २,४१० रुपयांनी खरेदीची घोषणा झाली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले, आणि डिसेंबरात पूर्ण बंदी. पंधरवड्यात भाव निम्म्यावर आले. मे २०२४ मध्ये, मतदान ऐन तोंडावर असताना, बंदी उठली, पण दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. १९९८ ला दिल्लीतले सत्ताधारी कांदा महागल्याने हरले होते. या वेळी स्वस्त केल्याची शिक्षा झाली. अर्थात एका निवडणुकीची कारणे एका पिकात शोधू नयेत, पण जिल्ह्यात दुसऱ्या कशाची इतकी चर्चा नव्हती.

यावर शहरातला वाचक म्हणेल: हे ठीक, पण हातावर पोट असणाऱ्याने ऐंशी रुपये किलोचा कांदा कसा घ्यायचा? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कांदा-भाकरीवर दिवस काढणाऱ्याला कांदा हाच कोरड्यास असतो. पण त्याच्या नावाने घेतलेला निर्णय त्याच्यापर्यंत पोचतो का, हे तपासायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेला हिशोब असा, की ग्राहकाने कांद्यावर खर्चलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले ६४ पैसे वाहतूक, घट, अडत, व्यापारी आणि किरकोळ विक्रेता यांच्यात वाटले जातात. निर्यातबंदीचा घाव पडतो तो त्या ३६ पैशांवर, कारण लिलावातली बोली दुसऱ्याच दिवशी खाली येते; गल्लीतल्या हातगाडीवरचा भाव सवडीने उतरतो. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल तर तिजोरीतून द्यावा. २०२३ मध्येच राखीव साठ्यातला कांदा २५ रुपये किलोने विकला गेला, म्हणजे ते अशक्य नाही. त्यात भार सगळ्या करदात्यांवर पडतो, एका जिल्ह्यावर नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. भाव शेतकरी नव्हे, साखळी करणारे मोजके व्यापारी चढवतात, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. २०१० च्या भडक्यानंतर स्पर्धा आयोगासाठी बंगळूरच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात बाजारावर थोड्या बड्या व्यापाऱ्यांची पकड असल्याचे आणि संगनमताच्या खुणा असल्याचे नोंदवले होते. २०१७ मध्ये आयकर खात्याने लासलगाव परिसरातल्या व्यापाऱ्यांवर छापे घातले. पण हा आक्षेप मान्य केला तर उपायही त्याला जुळणारा हवा: जास्त परवाने, खुली स्पर्धा, शेतकरी कंपन्यांना लिलावात जागा, चांगली साठवणूक. रोग संगनमताचा आणि औषध निर्यातबंदीचे, याला काय म्हणावे? बंदी आली की व्यापारी पडता भाव पुढच्या लिलावात वळता करतो. ज्याच्याकडे वळता करायला कोणी उरत नाही तो चाळवाला.

आणि मुळात कांदा हा महागाईचा एवढा मोठा आरोपी आहे का? २०१२ हे पायावर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचे वजन शंभरात ०.६४ होते. आरोग्य आणि शिक्षण मिळून दहाच्या वर, घर दहाच्या आसपास. घरभाडे, दवाखाना आणि शाळेची फी दरवर्षी मुंगीच्या पावलांनी वाढते आणि तिच्यावरून मंत्रिमंडळ पडल्याचे ऐकिवात नाही. कांदा रोज विकत घ्यावा लागतो, त्याचा भाव दारावर ओरडून सांगितला जातो आणि तो महिन्याभरात तिप्पट होऊ शकतो, म्हणून तो डोळ्यांवर येतो. नागरिकाचा यात दोष नाही. सरकारचा आहे, कारण त्याला दिसणारी किंमत आटोक्यात ठेवण्याचे श्रेय हवे असते.

नाशिक शहर या कोड्याचा आरसाच आहे. औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकासाठी ज्या केंद्रांतून भाव गोळा केले जातात त्यांत नाशिक फार पूर्वीपासून आहे. सातपूर-अंबडच्या कायम कामगाराला, ओझरच्या विमान कारखान्यातल्याला, प्रेसमधल्याला अशा निर्देशांकांच्या आधारे महागाई भत्ता मिळतो. त्याच शहरातल्या कंत्राटी मजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला तो नीट मिळत नाही. आणि पंधरा कोसांवर कांद्याची लागण करणाऱ्या मजूर बाईची रोजंदारी तर कांद्याच्या भावाला बांधलेली: भाव पडला की पुढच्या हंगामात लागणच कमी. महागाईपासून संरक्षण द्यायचे ते मजुरीतून आणि भत्त्यातून, हे तत्त्व सरकारने संघटितांसाठी कधीच मान्य केले आहे. बाकीच्यांसाठी मात्र कांदा स्वस्त करणे पुरेसे मानले जाते.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क उठले. त्या ऑक्टोबरात देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, २०१२ पायावर्षाच्या मालिकेतली सर्वांत कमी, आणि त्याचे मोठे कारण भाज्यांचे कोसळलेले भाव हे होते. त्याच महिन्यात लासलगावात उन्हाळ कांदा क्विंटलला हजार-बाराशे रुपयांच्या आसपास विकला जात होता. या खेपेला बंदी नव्हती. पण बांगलादेश, श्रीलंका, आखात इथल्या गिऱ्हाइकांनी मधल्या वर्षांत पाकिस्तान, चीन आणि इतरांकडून माल घेण्याची सवय लावून घेतली होती. म्हणूनच उत्पादकांची मागणी आता हमीभावापेक्षाही साधी आहे: रोप टाकताना निर्यातीचे जे धोरण असेल तेच कांदा चाळीतून निघेपर्यंत राहावे.