ब्राह्मणकन्या

ब्राह्मणकन्या : ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (२ फेब्रुवारी १८८४ – १० एप्रिल १९३७) यांची सामाजिक कादंबरी, प्रसिद्धी १९३०. सुशिक्षित, सुखवस्तू आणि सुधारक म्हणून नावाजलेल्या घरात वाढलेली कालिंदी डग्गे ही तरुणी, आपल्या जन्माच्या इतिहासामुळे समाजाने आपल्याला नेमून दिलेली संकोचाची जागा नाकारते, त्या नाकारण्याची किंमत स्वतः मोजते आणि ती मोजता मोजता प्रौढ होते, असे या कादंबरीचे सूत्र थोडक्यात सांगता येईल. स्त्रीच्या मनाची आणि विचाराची घडण हाच ज्यांचा विषय आहे अशा मराठी कादंबऱ्यांत तिचे स्थान महत्त्वाचे आहे. मात्र ललितकृती म्हणून तिचे जितके वाचन व्हावयास हवे होते तितके झाले नाही.

केतकरांचा जन्म रायपूरचा आणि शालेय शिक्षण अमरावतीचे. म्हणजे तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाड या मुलखाचे, ज्यात भंडारा जिल्हाही मोडत असे, संस्कार घेऊन ते मुंबईस व पुढे अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहिला, त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि स्वदेशी परतल्यावर १९१६ मध्ये नागपुरास ज्ञानकोशमंडळाची स्थापना करून तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' त्यांनी पुण्यात सिद्धीस नेला. 'गोंडवनातील प्रियंवदा' व 'परागंदा' या त्यांच्या कादंबऱ्या १९२६ मधील, म्हणजे ज्ञानकोशाचे काम ऐन भरात असतानाच्या. कोशकाराने कादंबरीकडे वळावे याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जातीचे नियम, वारसा, विवाहविधी, बहिष्कार आणि प्रायश्चित्त यांची माहिती ज्याने नोंदींच्या रूपाने वर्षानुवर्षे जमा केली, त्याला त्या नियमांच्या जात्यात सापडलेले एक माणूस कसे दळले जाते हे नोंदीत सांगता येत नव्हते, आणि ते सांगण्यासाठी त्याने कादंबरीचा आश्रय घेतला, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

कथानक असे : कालिंदीचे वडील अप्पासाहेब डग्गे हे वकील, ब्राह्मण आणि सुधारक. त्यांनी ज्या स्त्रीशी विवाह केला तिच्या मातृकुळाला विवाहबाह्य संबंधाचा कलंक चिकटलेला असून, असा विवाह करण्यात आपण मोठे धैर्य दाखविले याची त्यांना जाणीव आहे. मुलींना त्यांनी शिक्षण दिले, घरात मोकळेपणा ठेवला, चारचौघांत प्रतिष्ठा मिळविली. परंतु मुलगी उपवर झाली तेव्हा असे दिसून आले की, ज्या समाजात ते मानाने वावरतात त्याच समाजातील एकही घर त्यांच्या मुलीला सून म्हणून उंबरठा ओलांडू देण्यास राजी नाही. ब्राह्मण म्हणून तिला स्थळ नाही, आणि ब्राह्मणेतर म्हणून जगण्याचे तिला शिक्षण नाही. या कोंडीतून कालिंदी जो मार्ग काढते तो त्या काळच्या वाचकाला हादरविणारा होता : शिवशरणप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याशी ती विवाहावाचून सहजीवन सुरू करते आणि त्याच्यापासून तिला अपत्य होते. हे सहजीवन टिकत नाही. पुढे मजुरांच्या चळवळीशी तिचा संबंध येतो, त्या क्षेत्रात काम करणाऱ्या रामरावांशी परिचय वाढतो, आणि त्यांच्याशी विवाह होऊन तिचे आयुष्य नव्या पायावर उभे राहते. १९२८ मध्ये मुंबईत महिनोन्‌महिने चाललेला गिरणी कामगारांचा संप ज्या वाचकांनी नुकताच पाहिला होता, त्यांना कथेतील ही मजूरचळवळ पुस्तकी वाटली नसेल.

या कथेचे मर्म कालिंदीच्या पलायनापेक्षा तिने बापावर ठेवलेल्या आरोपात आहे. मराठी कादंबरीतील बंडखोर मुलीपुढे बहुधा एखादा कर्मठ सासरा, एखादी छळवादी सासू किंवा सोवळ्याओवळ्याने गांजलेले घर उभे असते, आणि वाचकाची सहानुभूती कोणत्या बाजूला जावी याविषयी लेखकाला काळजी करावी लागत नाही. येथे मात्र मुलीच्या समोर उभा आहे तो तिच्यावर जीव असलेला, तिला शिकविणारा, स्वतः रूढी मोडलेला बाप. कालिंदीचे म्हणणे असे की, तुम्ही रूढी मोडलीत ती तुमच्या स्वतःच्या सुखासाठी आणि तुमच्या तत्त्वाच्या अभिमानासाठी. परंतु त्या मोडण्यातून जी संतती जन्माला येणार होती तिचे सामाजिक स्थान काय, तिने कोणत्या मंडळीत सोयरीक करावी, कोणत्या पंगतीला बसावे, याचा विचार तुम्ही केला नाही. सुधारकाने स्वतःपुरते धाडस करून थांबावे आणि त्याची बाकी मुलांच्या खात्यावर लिहिली जावी, हा अन्याय जुलमी सासऱ्याच्या अन्यायापेक्षा सूक्ष्म आहे, आणि म्हणूनच तो ओळखण्यास बुद्धी लागते. कालिंदीची घडण सुरू होते ती या ओळखीपासून. तिला मिळालेले सुख, पुस्तके, मोकळीक ही सारी तिची स्वतःची मिळकत नसून बापाच्या प्रतिष्ठेवर उचललेली उसनवारी होती आणि लग्नाच्या बाजारात ती प्रतिष्ठा वटत नाही, हे तिला ज्या दिवशी कळते त्या दिवशी तिचे बालपण संपते.

केतकरांची समाजशास्त्रीय दृष्टी येथे फार प्रखर आहे. व्यक्तीने जात सोडणे सोपे, पण जात सोडून जाण्यासाठी पलीकडे दुसरा कोणता तरी समाज असावा लागतो, आणि तो नसेल तर सुटलेली व्यक्ती अधांतरी राहते, हा विचार त्यांनी कथेतील अनेक पात्रांच्या तोंडी घातला आहे. बेने इस्राएलांसारख्या, महाराष्ट्रात शतकानुशतके राहूनही आपली वेगळी चौकट सांभाळणाऱ्या समाजाकडे कादंबरीचे लक्ष वळते तेही याच विचारातून. वैजनाथशास्त्री हे पात्र तर जुन्या स्मृती अपुऱ्या पडल्या म्हणून नवी स्मृती रचू पाहते. शास्त्र टाकून देण्यापेक्षा शास्त्र पुन्हा लिहावे, ही वृत्ती केतकरांची स्वतःची होती.

तत्कालीन कायद्याची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून कालिंदीची अडचण पुरती समजत नाही. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यान्वये नोंदणीविवाह करू इच्छिणाऱ्यांना आपण कोणताही प्रचलित धर्म मानीत नाही असे प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे लागे. हिंदूंच्या मिश्रविवाहांना मान्यता देण्यासाठी विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये आणलेले विधेयक तडीस गेले नाही. मध्यप्रांतातील नामवंत कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना धर्म न नाकारता परस्परांत नोंदणीविवाह करण्याची मुभा मिळाली. म्हणजे 'ब्राह्मणकन्या' प्रसिद्ध झाली तेव्हा कागदावर वाट उघडी होती. परंतु दप्तरात नोंद झाली म्हणून पंगतीत पाट मांडला जातो असे नाही. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये दिला, मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला आणि सर्व देशभर १९५५ मध्ये. कालिंदी विवाहबंधनाविषयी साशंक का राहते याचे अर्धे उत्तर या सनावळीत आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविली पाहिजे, कारण कादंबरीच्या टीकाकारांकडून तिच्याकडे दुर्लक्ष होते. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा हे वैनगंगेच्या खोऱ्यातील, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव आहे. अशा गावात आषाढ-श्रावणात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या स्त्रीला कालिंदीचा प्रश्न सांगितला, तर तो तिला बहुधा निराळ्या रीतीने समजेल. कुणबी आदी शेतकरी जातींत विधवेचा पाट लागत असे, पंचांसमक्ष फारकत होत असे, आणि मोडलेला संसार पुन्हा मांडणे हे लाजिरवाणे असले तरी अशक्य नव्हते. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातीजमातींवर प्रसिद्ध केलेल्या चार खंडांत अशा चालींचे पुष्कळ दाखले आहेत. उलट, जे घर जितके उंच, जितके मालमत्तेचे आणि जितके शिकलेले, तितके त्या घरच्या मुलीच्या पायातील बंधन घट्ट. आणि कालिंदी ज्या स्वातंत्र्यासाठी घरदार सोडते त्याचा काही अंश तिच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला रूढीनेच मिळालेला असावा, ही विसंगती जातिसंस्थेच्या अभ्यासकाला अपरिचित नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहता, कालिंदीने केलेला प्रयोग कोंढ्यात करता आला नसता. जेथे प्रत्येक वाटसरूला 'कोणाच्या घरचा' असे विचारले जाते, तेथे अनोळखीपणाचा आडोसा नाही. मोठ्या शहराची गर्दी, भाड्याची खोली आणि शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसण्याची सोय यांवाचून हे कथानक उभे राहत नाही. सुस्थितीतील मुलीच्या बंडाला पैसा लागतो, शिक्षण लागते आणि शहरही लागते.

मराठी कादंबरीच्या परंपरेत 'ब्राह्मणकन्ये'चे वेगळेपण हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' (ग्रंथरूप १८९३) या कादंबरीशेजारी ती ठेवली म्हणजे स्पष्ट दिसते. हरिभाऊंची यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते, वाचायला शिकते, पतीच्या सहवासात मुंबईत तिचे मन उमलू लागते. पण पतीच्या मृत्यूनंतर तिचे केशवपन बळजबरीने होते आणि तीही मरण पावते. त्या मरणाने एका पिढीच्या डोळ्यांत पाणी आणले, आणि ते आणणे त्या वेळी आवश्यक होते. केतकर मात्र नायिकेला मारीत नाहीत. समाजाच्या दृष्टीने अक्षम्य असा प्रमाद करूनही कालिंदी जगते, अपत्याला वाढविते, काम शोधते, पुन्हा प्रेम करते. युरोपीय वाङ्मयात गटेने 'विल्हेल्म माइस्टर' (१७९५–९६) लिहून तरुणाच्या घडणीच्या कादंबरीचा जो पाया घातला, त्यात नायकाला चुकण्याची, भटकण्याची आणि चुकीतून शहाणे होण्याची मोकळीक गृहीतच धरलेली होती. ती मोकळीक १९३० मध्ये एका मराठी मुलीला मिळावी, तीही लेखकाने तिच्या कपाळी पश्चात्तापाचा टिळा न लावता, ही घटना माझ्या मते कादंबरीच्या सर्व दोषांवर मात करणारी आहे.

त्याच वर्षी वामन मल्हार जोशी यांची 'सुशीलेचा देव' प्रसिद्ध झाली. तिचीही नायिका विचाराने वाढत जाते आणि मूर्तीतल्या देवापासून ध्येयरूप देवापर्यंत तिची श्रद्धा प्रवास करते. दोन्ही कादंबऱ्या तत्त्वचर्चेने भरलेल्या आहेत. पण वामनरावांची सुशीला मनात वाढते, केतकरांची कालिंदी बाजारात, चाळीत आणि सभेत वाढते. पुढे विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर' (१९३४) मध्ये हाच विषय स्त्रीच्या लेखणीने हाती घेतला, आणि वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांनी 'निखळलेली हिरकणी' व 'वठलेला वृक्ष' या १९३६ मधील कादंबऱ्यांतून विवाहसंस्थेलाच जाब विचारला. त्या लेखनात जी आच आहे ती केतकरांच्या कादंबरीत नाही, हे मान्य करावयास हवे.

कारण दोष मोठे आहेत. रचना विस्कळीत आहे. कथा मध्येच थांबवून पात्रे दीर्घ व्याख्याने देतात. पुष्कळ ठिकाणी कालिंदीच्या हृदयात काय चालले आहे यापेक्षा तिच्या प्रकरणातून समाजरचनेविषयी कोणता सिद्धान्त निघतो याकडे लेखकाचे लक्ष अधिक. ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८) व 'दौलत' (१९२९) यांच्या घोटीव रचनेने ज्यांची अभिरुची घडत होती, त्या वाचकांना केतकरांची खडबडीत, अलंकारशून्य, कोशातील नोंदीसारखी भाषा रुचली नाही, यात नवल नाही. शिवशरणप्पाच्या बाजूने तर कथा फारच थोडे बोलते. तो कालिंदीच्या मार्गातील टप्पा म्हणून येतो आणि जातो, त्याच्या घरची माणसे व त्यांची दुःखे यांना जागा मिळत नाही, आणि जातिसंबंधांचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या लेखकाकडून ही उणीव राहावी याचे वाईट वाटते.

लेखकाच्या स्वतःच्या घराचा या कादंबरीशी निकटचा संबंध आहे. १९२० मध्ये केतकरांनी एडिथ कोन या ज्यू कुळातील परदेशी विदुषीशी विवाह केला आणि व्रात्यस्तोम हा प्राचीन विधी करवून तिला हिंदू समाजात घेतले. तिचे नाव शीलवती झाले. ज्या प्रश्नाचे उत्तर अप्पासाहेब डग्ग्यांना देता आले नाही, म्हणजे चौकटीबाहेरच्या विवाहाने आलेल्या माणसाला समाजात हक्काची जागा कशी मिळवून द्यावी, त्याचे उत्तर केतकरांनी आपल्यापुरते जुन्या शास्त्रातून शोधले होते. शीलवतीबाईंनी पुढे 'मीच हे सांगितले पाहिजे' (१९६९) हे आत्मकथन मराठीत लिहिले. त्याच्या दोनच वर्षे आधी दुर्गा भागवत यांचा 'केतकरी कादंबरी' (१९६७) हा विवेचक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, आणि केतकरांच्या कादंबऱ्यांकडे कलाकृती म्हणून पुन्हा पाहण्यास त्याने वाचकांना प्रवृत्त केले.