स्वतंत्रपूर आणि सेटलमेंट

माझ्या आजोळी, आटपाडीत, खुनी माणसांबद्दल कुणी दबक्या आवाजात बोलत नसे. आण्णा, म्हणजे आईचे वडील, त्यांच्या गोष्टी जेवतानाच काढायचे. "शिक्षा झालेली माणसं हुती, पर मोट हाकाय एक नंबर," असं ते एखाद्या पाहुण्याचं कौतुक करावं तसं सांगत. बाजारात ती माणसं भाजी घेऊन बसत, पैसे चोख मोजत, आणि दिवेलागणीला आपल्या पायांनी कैदेत परत जात. "आणि पळून गेली तर?" असं आम्ही पोरं विचारायचो. आण्णांचं उत्तर ठरलेलं: "पळून जायाला भिंत तर पायजे!"

आण्णांच्या गोष्टीत दर खेपेला काहीतरी वाढत असे. कैद्यांची संख्या, विहिरीची खोली, राजाच्या घोड्याचा रंगसुद्धा. मोठेपणी थोडं वाचल्यावर कळलं की मूळ हकीकतीला वाढवायची गरजच नव्हती.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले, स्वतः चित्रं काढणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तिथले राजे. त्यांनी 1938 मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं आणि 1939 च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्यानं तशी राज्यघटनाही आणली. या खटाटोपात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनियर होता. म्हैसूर सरकारच्या वीजसामानाच्या कारखान्यातली मोठी नोकरी बाजूला सारून हा गडी खादी नेसून माणदेशाच्या फुफाट्यात आला. पुढे याच फ्रीडमननं गिरगावाजवळच्या एका विडीच्या दुकानदाराची, म्हणजे निसर्गदत्त महाराजांची, मराठी संभाषणं इंग्रजीत नेली आणि ती जगभर वाचली गेली. ती गोष्ट वेगळी. औंधात त्यानं राजाच्या गळी उतरवलं ते हे, की गंभीर गुन्ह्यातले कैदी कोठडीत डांबण्यापेक्षा त्यांना रान द्यावं, बैल द्यावेत आणि पहारा काढून घ्यावा. आटपाडीजवळच्या त्या वसाहतीचं नाव पडलं स्वतंत्रपूर.

ग. दि. माडगूळकर याच मुलखातले, जन्म शेटफळ्याचा. त्यांनी ही हकीकत कथेत उतरवली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये तिच्यावर 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा कैदी आणि एक जेलर. बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. आण्णांना मात्र तो पसंत नव्हता. बाजारात व्यापारी कैद्यांना मारतात तो प्रसंग त्यांना झोंबला होता. "आमच्या बाजारात असं कोन करील?" म्हणायचे. केलंही असेल कुणी. पण गावाची अब्रू होती ती.

वडिलांकडची आजी सोलापूरची. तिचं सासर गिरणीवाल्यांचं, भोंग्यावर उठणारं. तिच्याही गोष्टींत कुंपण होतं, पण ते खरोखरीचं, तारांचं. "गप बसतोस का सेटलमेंटात नेऊन टाकू?" हा तिचा धाक. गिरणीत कामाला येणारी सेटलमेंटची माणसं तिनं पाहिली होती. पाळी संपली की त्यांना हजेरीला पोचावं लागे. "उशीर झाला की धावत सुटायच्या बाया, पोर कडेवर घेऊन," ती सांगे. त्यांनी काय केलं होतं, असं मी विचारलं की ती क्षणभर थांबायची. "केलं काही नव्हतं रे. जातच तसली म्हणायचे."

त्या म्हणण्याला सरकारी शिक्का होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि 1911 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही पोचला. कैकाडी, टकारी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींची नावं त्यात ओढली गेली. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणात कोर्टालाही शिरता येत नसे. बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचं नाही, नाहीतर तारांच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवायचं. मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक शाळेत घालायची सोयही कायद्यात होती. दुसऱ्यांदा ठरावीक गुन्ह्यांत सापडला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. तोच गुन्हा इतर जातीच्या माणसानं केला तर या हिशेबाचं बंधन नव्हतं.

आणि हे सगळं सुधारणेच्या नावानं. सेटलमेंटमध्ये शाळा असे, काम असे, स्वच्छतेचे धडे असत. देशात ठिकठिकाणी अशा वसाहती मिशनऱ्यांकडे आणि साल्व्हेशन आर्मीकडे सोपवलेल्या होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळांना आपण पुण्याचं काम करतो आहोत असंच वाटत असणार. गिरण्यांना हुकमी मजूर मिळत होते, हेही त्या पुण्यात जमा.

आटपाडी आणि सोलापूर यांच्यामध्ये सांगोल्यावरून एस.टी.चा अर्ध्या दिवसाचाही रस्ता नाही. चाळीसच्या त्या दशकात इकडे शाबीत खुन्याच्या हातात बैलाचा कासरा होता आणि तिकडे तान्ह्या पोराभोवती तार होती. खुन्याला सुटकेची तारीख होती. पोराला ती नव्हती, कारण त्याला शिक्षाच झालेली नव्हती. माझ्या आजोळात आणि घरात या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या, पण त्या कुणी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत.

स्वतंत्रपुराचं कौतुक मला आहे, पण आण्णांइतकं भाबडं नाही. त्याला कारण मावशी. तिच्या सासरच्या भावकीत बांधावरून एक खून झाला होता. आण्णांची गोष्ट रंगात आली की ती भाकरी थापता थापता म्हणायची, "सुधारला, बेस झालं. पर जिचा नवरा गेला तिच्या रानात मोट कुनी हाकली?" आण्णा तेव्हा पाणी मागायचे. शिक्षेवरची एवढी चर्चा ऐकली-वाचली, पण मावशीच्या प्रश्नाला बगल न देणारी फार थोडी. सरकारी निधीतून पीडितांना भरपाई देणारं कलम आपल्या तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं ते 2008 च्या दुरुस्तीनं. त्या बाईची नातवंडं तेव्हा लग्नाला आली होती.

स्वतंत्रपूर आजही आहे. औंध 1948 मध्ये विलीन झालं, वसाहत सरकारच्या कारागृह खात्याकडे आली. कैदी तिथे बायकापोरांसह राहून शेती करतात. पैठण, येरवडा, विसापूर अशी इतर खुली कारागृहंही राज्यात झाली. बंद तुरुंगांत मात्र 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशभरात दर चार कैद्यांमागे तिघांवरचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता. शिक्षा झालेल्याला रान मिळू शकतं, खटला चालू असलेल्यानं गर्दीच्या बराकीत कूस बदलायची.

सेटलमेंटच्या तारा गेल्या. मुंबई प्रांतानं गुन्हेगार जमाती कायदा 1949 मध्ये रद्द केला, देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण 1959 मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला. त्यात जातीचं नाव नव्हतं. पोलिसांच्या रजिस्टरात मात्र बऱ्याचदा तीच आडनावं, त्याच वस्त्या. काही राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत तर विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातीच्या माणसाला सराईत समजण्याची मुभा लिहूनच ठेवलेली होती, आणि झाडूकाम कुणी करायचं, स्वयंपाक कुणी, हेही जातीवरून. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणलं, न्यायालयात नेलं, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं असे नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढून टाकायला सांगितला.

सराईत म्हणून नोंद झालेल्या कैद्याला खुल्या कारागृहासाठी सहसा निवडत नाहीत. म्हणजे रागाच्या भरात भावकीतला माणूस मारणाऱ्याला पुढे कधीतरी स्वतंत्रपूर मिळू शकतं. आजीनं पाहिलेल्या, पोर कडेवर घेऊन धावणाऱ्या बाईचा नातू किरकोळ चोरीच्या संशयात दोन-तीनदा आत गेला, तर त्याचा अर्ज बहुधा पहिल्याच टेबलावर अडेल. निकालानंतर नियमावल्या बदलतील, बदलताहेतही. संशयिताच्या नावापुढे पहिला शेरा लिहायचा असतो तो मात्र अजून ठाण्यातल्याच माणसाला.