एक नाव, दोन पाकोळ्या

संध्याकाळी जुन्या वेशीच्या कमानीभोवती किंवा पडक्या गढीच्या बुरुजाशी चिरचिरत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या बीड जिल्ह्यात नवलाच्या नाहीत. हवेतच टिपलेली पिसे आणि काडीकचरा लाळेने चिकटवून त्या वळचणीला घरटी करतात. गावाला त्यांच्यासाठी 'पाकोळी' हे एकच नाव पुरते. किंबहुना पुष्कळदा भिंगरीलाही हेच नाव दिले जाते. वस्तुतः भिंगरी तारेवर बसते, पाकोळीला तसे बसता येत नाही. दोघींची कुळेही वेगळी आहेत. हा लोकभाषेचा अडाणीपणा म्हणावा, तर लिनियसनेही 1758 मध्ये पाकोळीला भिंगऱ्यांच्याच गणात बसवले होते. 'एपस', म्हणजे 'पाय नसलेली', हा स्वतंत्र गण स्कोपोलीने 1777 मध्ये कल्पिला.

आपल्या वेशीवरच्या या पाकोळीला 1830 मध्ये जॉन एडवर्ड ग्रे याने 'अफिनिस' हे नाव दिले. त्याचा अर्थ 'सदृश' किंवा 'नात्यातली'. पुढे 1837 मध्ये काठमांडूचा ब्रिटिश रेसिडेंट ब्रायन हॉजसन याने नेपाळातल्या तशाच एका पाकोळीचे 'निपालेन्सिस' या नावाने वर्णन केले. नंतरच्या अभ्यासकांना दोघींतला फरक स्वतंत्र जातीइतका वाटला नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या 'हँडबुक'मध्ये (1968-74) नेपाळी पाकोळी 'अफिनिस'चीच एक उपजात म्हणून येते आणि सगळ्यांना मिळून इंग्रजी नाव आहे 'हाउस स्विफ्ट'. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या जातीची पुन्हा फाळणी झाली.

गंमत त्यानंतरची आहे. 'हाउस स्विफ्ट' हे नाव हिमालयापासून पूर्वेकडे पसरलेल्या निपालेन्सिसकडे गेले आणि आपल्याकडची अफिनिस 'लिटल स्विफ्ट' ठरली. पक्षी होता तिथेच राहिला; नाव मात्र दुसऱ्याच्या घरी नांदायला गेले.

दोघी ओळखाव्यात कशा? दोघींचा कंठ पांढरा, कंबरेवर पांढरा पट्टा. मात्र अफिनिसचा पट्टा रुंद असून कुशीपर्यंत उतरतो आणि शेपटी टोकाला सरळ असते. निपालेन्सिस अधिक काळसर, तिचा पट्टा अरुंद, आणि मिटलेल्या शेपटीला उथळ खाच असते. शेपटी पसरली की खाच नाहीशी होते. त्यामुळे एका झेपेवरून निर्णय देऊ नये. पक्षी शेपटी मिटेपर्यंत थांबावे.

सालिम अलींनी 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा बीड त्याच संस्थानाचा जिल्हा होता. त्या काळापासून 'हँडबुक'पर्यंतच्या लेखनातले पाकोळीचे नाव आजच्या अर्थाने वाचले, तर मराठवाड्याच्या आकाशात हिमालयाची पाकोळी उडू लागेल. चूक त्या लेखकांची नसेल, आपल्या वाचनाची असेल. जुन्या नोंदीतले नाव तिच्या काळात ठेवून, पक्ष्याचे वर्णन आणि ठिकाण यांच्याशी ताडूनच वाचले पाहिजे.

मराठीच्या अभ्यासकाला हे शिस्तीचे काम नवे नाही. मुकुंदराज बीड जिल्ह्यातल्या आंबेजोगाईचे की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे, हा वाद त्याला ठाऊक असतो. नावाचे साम्य हा पुरावा नव्हे, हे तो त्यातून शिकलेला असतो. मात्र तोच अभ्यासक इंग्रजी कवितेतल्या 'स्विफ्ट' आणि 'स्वॉलो' या दोघींना डोळे मिटून 'पाकोळी' करतो, तेव्हा कधीच न टेकणारा पक्षी आणि तारेवर विसावणारा पक्षी एक होतात, आणि त्यांच्याबरोबर दोन निराळ्या प्रतिमाही. 'भिंगरी' हा शब्द आपल्याकडे आहे. तो वापरायला कोशापेक्षा आधी वर पाहावे लागते.