ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धा, 2024

वर्षातील पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा. मेलबर्न पार्क येथे 14 ते 28 जानेवारी 2024 या काळात तिची 112वी खेप पार पडली. या वर्षी स्पर्धा प्रथमच रविवारी सुरू झाली आणि पंधरा दिवस चालली. 1987 पर्यंत ती कूयाँग येथे गवतावर होत असे. 1988 पासून हार्ड कोर्टवर होते. सध्याचे निळे कोर्ट ‘ग्रीनसेट’ बनावटीचे. एकूण बक्षीस रक्कम 8 कोटी 65 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. त्यातून एकेरीच्या विजेत्याला 31 लाख 50 हजार मिळाले, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघांत मिळून 7 लाख 30 हजार.

पुरुष एकेरी : इटलीचा यानिक सिन्नर विजेता. अंतिम सामन्यात पहिले दोन सेट गमावूनही त्याने दानिल मेदवेदेवला 3-6, 3-6, 6-4, 6-4, 6-3 असे हरवले. 1976 च्या फ्रेंच ओपनमधील आद्रियानो पानात्तानंतर ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारा तो पहिला इटालियन पुरुष. उपांत्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला चार सेटमध्ये नमवले. त्या सामन्यात जोकोविचला ब्रेक पॉइंटची एकही संधी मिळाली नाही. मेदवेदेवचा दुसऱ्या फेरीचा सामना पहाटे साडेतीननंतर संपला होता, आणि स्पर्धेत तो एकूण 24 तासांहून अधिक वेळ कोर्टवर होता. अंतिम सामन्यातील त्याची घसरण मोजताना हा थकवा जमेस धरावा लागतो; मात्र सिन्नरच्या विजयाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

महिला एकेरी : आर्यना सबालेन्काने झेंग क्विनवेनला 6-3, 6-2 असे हरवून विजेतेपद राखले. संपूर्ण स्पर्धेत तिने एकही सेट गमावला नाही. अग्रमानांकित इगा श्वियाँतेक तिसऱ्या फेरीत लिंडा नोस्कोवाकडून पराभूत. तिसरे मानांकन असलेली एलेना रिबाकिना दुसऱ्या फेरीत अॅना ब्लिन्कोवाकडून हरली. त्या सामन्याचा निर्णायक टायब्रेकर 22-20 असा संपला. महिला एकेरीतील हा ग्रँड स्लॅममधील सर्वांत लांबलेला टायब्रेकर. (रशिया व बेलारूसचे खेळाडू राष्ट्रध्वजाविना खेळले.)

पुरुष दुहेरी : भारताच्या दृष्टीने स्पर्धेतील सर्वांत महत्त्वाचा निकाल. रोहन बोपण्णा आणि ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन या दुसऱ्या मानांकित जोडीने सिमोने बोलेल्ली-आंद्रेआ वावासोरी या बिगरमानांकित इटालियन जोडीचा 7-6 (7-0), 7-5 असा पराभव केला. वाट सोपी नव्हती. पहिल्याच फेरीत डकवर्थ-पोलमन्स या यजमान जोडीने त्यांना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरपर्यंत खेचले. उपांत्य फेरीत टोमास माहाच-झांग झिझेन जोडीविरुद्ध दुसरा सेट गेला, तिसरा 6-6 वर अडला आणि दहा गुणांच्या टायब्रेकरमध्ये 10-7 असा सुटला. अंतिम सामन्यात पहिल्या सेटभर इटालियन जोडी बरोबरीत होती, टायब्रेकरमध्ये मात्र तिला एकही गुण घेता आला नाही. दुसऱ्या सेटच्या अकराव्या गेममध्ये बोपण्णा-एब्डन यांनी सर्व्हिस भेदली आणि पुढच्याच गेममध्ये सामना संपवला. वृत्तपत्रे दुहेरीचा निकाल एका ओळीत उरकतात. हा सामना तेवढ्यात मावत नाही.

बोपण्णा तेव्हा 43 वर्षांचा होता. खुल्या युगात ग्रँड स्लॅम पुरुष दुहेरी जिंकणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. आधीचा विक्रम जाँ-ज्युलियन रॉयरचा (2022, फ्रेंच ओपन). उपांत्य फेरी गाठताच बोपण्णाचे जागतिक क्रमवारीतील अव्वल स्थान निश्चित झाले होते. लिअँडर पेस, महेश भूपती व सानिया मिर्झा यांच्यानंतर दुहेरीत हे स्थान मिळवणारा तो चौथा भारतीय. मूळचा कोडगूचा बोपण्णा किशोरवयात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकला. गुडघ्यांतील कूर्चा झिजल्यावर आपण अय्यंगार योगामुळे खेळत राहिलो, असे तो सांगतो. या योगपद्धतीचे केंद्रही पुण्यातच. पुण्यातील एटीपी स्पर्धेत त्याने 2019 मध्ये दिविज शरणसह आणि 2022 मध्ये रामकुमार रामनाथनसह दुहेरी जिंकली होती.

एकेरीतील भारतीय : पात्रता फेरीतून आलेल्या सुमित नागलने 31व्या मानांकित अलेक्झांडर बुबलिकला 6-4, 6-2, 7-6 असे हरवले. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही 1989 नंतरची पहिलीच वेळ. तेव्हा रमेश कृष्णनने याच स्पर्धेत मॅट्स विलांडरला नमवले होते. नागल दुसऱ्या फेरीत बाद.

महिला व मिश्र दुहेरी : तैवानच्या शिए सु-वेईने दोन्ही जिंकल्या; अनुक्रमे एलिस मेर्टेन्स व यान झिएलिन्स्की यांच्या साथीने.

व्हीलचेअर एकेरी : तोकितो ओदा (पुरुष), डीडे द ग्रूट (महिला).

2025 मध्ये सिन्नरने विजेतेपद राखले. सबालेन्का अंतिम फेरीत मॅडिसन कीजकडून हरली. बोपण्णाने त्याच वर्षी निवृत्ती जाहीर केली. 2024 चे हे पुरुष दुहेरीतील त्याचे एकमेव ग्रँड स्लॅम विजेतेपद.